‘आपले’ कोणाचे?

गेल्या चैत्रात अकोल्याकडील पूर्णाकाठच्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. मारुतीच्या पारासमोर एका भिंतीवर जुन्या गेरूने लिहिलेले वाक्य अजून वाचता येते : ‘हरिजन आपले बांधव आहेत.’ वाचून बरे वाटले. लिहिणाराचा भाव चांगला, एवढेच मनात आले आणि आम्ही कीर्तनास उभे राहिलो. त्या रात्री निरूपणाला चोखोबांचे चरित्र होते. चोखोबांचा जन्म आमच्या वऱ्हाडातल्या मेहुणा राजाचा, असे परंपरा सांगते. तेव्हा आमचा आवाज जरा चढलाच होता.

आरती झाल्यावर एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ पुढे आले. हात जोडून म्हणाले, “महाराज, कीर्तन चांगलं झालं. पन एक इचारू का? थ्या भितीवर लिवलं हाय, ‘आपले बांधव’. थे ‘आपले’ म्हंजे कोनाचे? आमी बी तं वाचतो नं थे! अन् तुमी म्हनले, ‘देवाने चोखोबालाही जवळ केले’. थो ‘ही’ काहून?”

आम्ही म्हणालो, “बाबाजी, उद्या सांगतो.” खरे म्हणजे उत्तर नव्हते. चाळीस वर्षे आम्ही हेच वाक्य म्हणत आलो, श्रोते डोळे पुसत आले. लहानपणी पाठशाळेत लघुकौमुदी घोकली, ‘अपि’ आणि ‘एव’ या अव्ययांवर पुढे चार विद्यार्थ्यांना पाठही दिले. पण आपल्याच तोंडातला ‘अपि’ कधी कानी पडला नाही.

रात्रभर विचार केला. ‘अस्पृश्य’ हाच शब्द घ्या. स्पृश् धातूला कृत्य प्रत्यय लागून ‘स्पृश्य’ झाला. ‘अस्पृश्य’ म्हणजे ज्याला शिवू नये तो. यात कर्म दिसते, कर्ता लपतो. न शिवणारा कोण, ते शब्द सांगतच नाही. विटाळ मानणारा एक आणि डाग दुसऱ्याच्या अंगावर! त्यावर ‘ता’ प्रत्यय लावून ‘अस्पृश्यता नष्ट करा’ अशी घोषणा दिली, तरी दोष त्याच्याच दारी राहतो. ‘उद्धार’ शब्दाचेही तसेच. वर काढणारा काठावर उभा असतो, हे त्या शब्दात गृहीतच आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी उद्धाराचे काम ज्याचे त्याच्याकडे सोपविले आहे, हे आम्ही दर चातुर्मासात सांगतो आणि लगेच विसरतो.

‘हरिजन’ शब्द तर वैष्णवांच्या जिभेला साखरेसारखा. गांधीजींनी १९३३ साली त्या नावाचे साप्ताहिक काढले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या दौऱ्यात ते अमरावती-अकोल्याकडेही आले. त्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही. पण १९३८ साली हा शब्द कायद्यात घालण्याचे ठरले, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सभासद मुंबईच्या विधिमंडळातून उठून गेले. पुढे १९८२ साली केंद्र सरकारनेही तो वापरू नये असे कळविले. आम्हाला पूर्वी याचे नवल वाटे : एवढ्या गोड शब्दावर राग का? आता वाटते, हरीचा जन म्हणवून घेणे हा एवढा मोठा मान, तर तो आम्ही आमच्या वाड्यांना आणि आळ्यांना का नाही घेतला?

कायद्याच्या नावातही असेच झाले. १९५५ चा ‘अस्पृश्यता अपराध’ कायदा १९७६ साली ‘नागरी हक्क संरक्षण’ कायदा झाला. पहिले नाव विटाळाचे, दुसरे माणसाच्या हक्काचे.

आमचे एक कीर्तनकार स्नेही म्हणतात, “शब्दांचा कीस कशाला? त्यांची भाषा केवढी कडवट असते, ते बघा की!” हे आम्हाला पटत नाही. अमरावतीच्या अंबादेवीचे प्रकरण आठवा. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. सत्याग्रहाची तयारी होती, तरी मंदिराच्या पंचांना मुदत द्यावी म्हणून तो पुढे ढकलला. मऊ बोलणे आधी झाले होते. मऊ ऐकले नाही, तेव्हा कडू ऐकावे लागले. तक्रार कडूपणाची करायची आणि बहिरेपणाची नाही, हा कोणता न्याय?

अमेरिकेतही हाच घोळ झाला. ‘काळ्यांचे प्राण मोलाचे आहेत’ ही घोषणा २०१३ साली निघाली, २०२० साली जगभर गेली. तिच्यात ‘ही’ नाही, ‘च’ही नाही. बोलणाराच्या मनात ‘ही’ होता. ज्यांना भांडायचे होते त्यांनी ‘च’ ऐकला आणि ‘सर्वांचेच प्राण मोलाचे’ असे उलट ओरडले. मीमांसक म्हणतील, विधीला परिसंख्या समजले! साधे सांगणे होते, त्यात इतरांचा निषेध कोणी केला नव्हता. त्याआधी १९६८ साली मेम्फिस शहरात सफाई कामगारांनी गळ्यात पाट्या अडकविल्या होत्या : ‘मी माणूस आहे.’ तिथे कर्ता स्वतः बोलत होता, म्हणून अव्ययाची गरजच पडली नाही.

तेव्हा ‘ही’ सर्वत्र वाईट नाही. ज्याचे हिरावले तो ‘मलाही’ म्हणतो, तो त्याचा दावा. तेच आम्ही व्यासपीठावरून ‘त्यांनाही’ म्हणतो, तेव्हा ती भिक्षा होते. अक्षर एकच.

बाबा आढावांनी १९७२ च्या सुमारास ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्र पालथा घातला. त्या चार शब्दांत ‘आपले’ नाही, ‘ते’ नाही, उद्धारही नाही. विहीर आहे, आणि तिच्यावर कोण जाते ते उद्या सकाळी डोळ्यांनी पाहता येते. ज्याला शिवाशिव पाळायची त्याला यातून सुटता येत नाही. भिंतीवरच्या बांधवांकडे मात्र रोज बघूनही सुटता येते.

दुसऱ्या रात्री आम्ही तेच चरित्र पुन्हा लावले. ‘देवाने चोखोबाला जवळ केले’ असे म्हटले. जीभ दोनदा अडखळली. बाबाजी खांबापाशी बसले होते. त्यांनी नुसती मान हलविली.

निघताना सरपंच म्हणाले, “भिंत रंगवायची हाय, महाराज. एखादं वाक्य लिहून द्या.” आम्ही सांगितले, ते बाबाजींना विचारा. आषाढी होऊन गेली. भिंतीला चुना दिला आहे, असे कळते. वाक्य अजून ठरलेले नाही.