रोस्टरवरचा संसार

1936 साली लाहोर फ्लाइंग क्लबच्या जिप्सी मॉथ विमानात 21 वर्षांच्या सरला शर्मा, म्हणजे पुढच्या सरला ठकराल, साडी नेसून बसल्या आणि एकट्यानं आकाशात गेल्या. विमान उडवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून बहुतेकदा त्यांचंच नाव घेतलं जातं. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण साडीपाशीच थांबतात. खरं तर पुढे विचारायला हवं, की त्या वेळी चार वर्षांची असलेली त्यांची मुलगी कोण सांभाळत होतं आणि क्लबात नाव कुणी घातलं?

नाव घालण्यात सासऱ्यांचा पुढाकार होता. पती पी. डी. शर्मा हवाई टपालाचे वैमानिक, आणि त्या कुटुंबात तब्बल नऊ वैमानिक. अशा घरात सुनेनं विमान उडवायला शिकायचं म्हटल्यावर कुणाच्या भुवया उंचावणार? 1939 मध्ये विमान अपघातात पती गेले. सरलाबाईंनी तरीही व्यावसायिक परवान्याची तयारी सुरू केली, पण महायुद्धामुळे नागरी प्रशिक्षणच बंद पडलं. मग लाहोरच्या मेयो स्कूलमध्ये चित्रकला, फाळणीनंतर दिल्ली, दुसरं लग्न, दागिन्यांचे आणि साड्यांचे नमुने. उडणं थांबलं ते युद्धामुळे. लग्नानं तर ते सुरू करून दिलं होतं.

अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टनं मात्र लग्नाआधीच बोलून घेतलं. 1931 मध्ये लग्नाच्या दिवशी तिनं जॉर्ज पुटनमच्या हाती पत्र ठेवलं: एकमेकांना जुन्या पद्धतीच्या बंधनात अडकवायचं नाही, आणि वर्षभरात सुख लाभलं नाही तर मला मोकळं करायचं. (आपल्याकडे अंतरपाटाआड अशी चिठ्ठी सरकली असती, तर अक्षता हातातच राहिल्या असत्या.) पुटनमनं लग्न केलं, तिच्या व्याख्यानांची आणि प्रसिद्धीची व्यवस्था पाहिली, पुढच्याच वर्षी ती एकटी अटलांटिक पार करून गेली.

आजच्या वैमानिकाला समुद्रापेक्षा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, जड जातं. पहाटे तीनला गाडी इमारतीखाली उभी राहते आणि जोडे हातात घेऊन, लेकरू उठणार नाही अशा बेतानं दार ओढून घ्यावं लागतं. स्टँडबाय असेल तर बॅग भरलेली, फोन चार्ज केलेला. घरी असूनही माणूस घरचा नसतो. उड्डाणाआधी बारा तास मद्य वर्ज्य, त्यामुळे भावाच्या लग्नातही दुसऱ्या दिवशीची ड्यूटी पाहून ग्लास उचलायचा. वर्षाला हजार तासांपेक्षा जास्त उडायचं नाही, हा नियम ऐकायला सैल वाटतो. पण लेओव्हरच्या हॉटेलातल्या रात्री त्या हजारात धरत नाहीत.

यात ज्यांचा मेळ बसला, त्यांच्या घरी बहुधा समजणारं माणूस होतं. निवेदिता भसीन 26 व्या वर्षी, 1990 मध्ये जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. पती रोहित वैमानिक, सासरे जयदेव भसीन जुन्या पिढीतले कमांडर, पुढे मुलगा आणि मुलगीही त्याच वाटेला लागले. सुरुवातीच्या दिवसांत प्रवाशांच्या नजरेला पडू नये म्हणून लवकर कॉकपिटमध्ये जा, असं निवेदिताबाईंना सांगितलं जाई. घरात मात्र लपण्याची वेळ आली नसणार.

पण प्रत्येकीला असं सासर कुठून मिळणार? एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे 12 टक्के होतं, जगाच्या सरासरीच्या दुप्पट. त्याचं श्रेय कौतुकाच्या भाषणांना कमी आणि व्यवस्थेला जास्त द्यायला हवं: 26 आठवड्यांची प्रसूती रजा कायद्यात आहे, आणि इंडिगोसारख्या कंपनीनं लहान मुलांच्या आयांना महिन्यात दोन आठवडे सुट्टीचा लवचीक करार देऊ केला. सासऱ्याची जागा अशा करारानं भरून काढता येते.

या करारात एक मोठी उणीव राहते. तो आयांपुरता ठेवला, की मूल सांभाळणं हे तिचंच काम, असं कागदावर पक्कं होतं. आणि संसाराची कसरत कशी करता, हा प्रश्नही मुलाखतींत तिलाच विचारला जातो. विमान कंपन्यांनी हाच करार वैमानिक बापालाही खुला करावा, आणि बापांनी तो मागून घ्यावा.