एकी कोणासाठी?

पुष्कळांनी मिळून राज्यकारभार हाती घेतला म्हणजे एकी झाली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु एकत्र बसणे निराळे आणि एक होणे निराळे. १९६९ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेत संयुक्त आघाडीने २८० पैकी २१४ जागा जिंकल्या. अजय मुखर्जी मुख्यमंत्री व ज्योती बसू उपमुख्यमंत्री झाले. फाळणीने निराधार झालेली पुष्कळ कुटुंबे कोलकात्याच्या बेहाला भागात येऊन वसली होती. तेथील गृहस्थाची राज्याकडून अपेक्षा ती काय? मुलाबाळांनी सायंकाळी सुखरूप घरी परतावे, एवढीच. परंतु आघाडीतील पक्षांचेच अनुयायी परस्परांशी लढू लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुख्यमंत्र्यांनी आपल्याच राज्यातील अराजकाविरुद्ध उपोषण केले, आणि मार्च १९७० मध्ये राजीनामा दिला.

सहकाऱ्यांना दिलेला शब्द मोठा, की प्रजेचे रक्षण? शब्द प्रजेसाठीच दिलेला असतो. म्हणून रक्षणच मोठे. भूमिहीनांना जमीन मिळावी, हा सहकाऱ्यांचा आग्रह अन्याय्य नव्हता. परंतु श्रेय आपल्याच पक्षास मिळावे, ही फलासक्ती घातक ठरली. प्रतिपक्षाच्या द्वेषाने जुळलेली माणसे प्रतिपक्ष हरताच विलग होतात. लोकसंग्रहासाठी जुळलेली टिकतात.

वाटणीच्या वेळी भावांनी प्रथम आईच्या अन्नवस्त्राची सोय पाहावी, हे प्रत्येक गृहस्थ जाणतो. राज्याचा धर्म याहून निराळा नाही.