आधी कुणी घ्यायचं?

बाजारात नवीन यंत्र आलं की मध्यमवर्गीय घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘थोडं थांबू, किंमत उतरेल.’ हे शहाणपण अनुभवातून आलेलं आहे. सोनीची बेटामॅक्स १९७५ साली आली, जेव्हीसीची व्हीएचएस १९७६ साली. चित्र बेटामॅक्सचं चांगलं, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण बाजार व्हीएचएसचा झाला. २००६ मध्ये एचडी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे यांच्यात तशीच झुंज लागली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून अंग काढून घेतलं. ज्यांनी घाई केली त्यांच्या कपाटात न चालणाऱ्या वस्तू राहिल्या. थांबलेले सुटले.

पण किंमत आपोआप उतरत नाही. पहिल्या वर्षी कुणीतरी चढा भाव मोजतं, त्यावर कारखाना तग धरतो, उत्पादन वाढतं, मग माल स्वस्त होतो. कोणतं यंत्र घेऊ नये, हेही आधी घेणाऱ्याच्या नुकसानीतूनच इतरांना कळतं. थांबणाऱ्याचं शहाणपण असं दुसऱ्याच्या खर्चावर उभं असतं. त्यात पाप नाही. मात्र आधी घेणाऱ्याला ‘हौशी’, ‘उधळ्या’ म्हणून हसण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

जबलपूरच्या मराठी घरांतून पाहिलं तर प्रश्नाला आणखी एक बाजू दिसते. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. राजधानी नागपूर, आणि हिंदीच्या जोडीला मराठीही राजभाषा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सीमा सरकली, माणसं होती तिथेच राहिली. १९८२ मध्ये दूरदर्शनला रंग आले, पण मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम इथल्या अँटेनावर येत नसत. अशा गावात व्हीसीआर ही चैन होतीच. पण मराठी नाटक घरबसल्या पाहण्याची सोयही तीच होती. हिंदी सिनेमाची कॅसेट भाड्याने मिळायची. मराठी कॅसेट नागपूर-पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून यायची.

हिंदी सिनेमाचे काही लाख प्रेक्षक थांबले, तरी तो नव्या तबकडीवर येणारच. मराठी नाटक तबकडीवर आणणारा मात्र आधी विचारतो: यंत्र किती घरांत आहे? सगळेच थांबले तर तोही थांबतो, आणि ज्याची वाट पाहत आपण थांबलो ते निघतच नाही. व्हीसीडीचं उदाहरण घ्या. एका तबकडीत जेमतेम ७४ मिनिटं मावत, म्हणजे नाटकाच्या मध्येच उठून तबकडी बदलायची. तरी आशियातल्या असंख्य घरांनी ती घेतली, म्हणून तिच्यावर मराठी नाटकंही आली. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. ती किंमत परवडावी अशी यंत्रं तोवर घरोघर पोहोचली होती.

मग भाषेसाठी यंत्र घेणं हे कर्तव्य म्हणायचं का? तसं म्हणायला मी धजावत नाही. मुलांची फी आणि घराचा हप्ता भरणाऱ्याला भाषेच्या नावाने जोखीम घ्यायला सांगणं हा अन्याय आहे. पण नुकसान झालं तरी ज्याचं काही अडणार नाही, त्याचं थांबणं निव्वळ व्यवहार उरत नाही. लहान भाषेत सुस्थित माणसाने आधी पुढे व्हावं, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते. अनुवादाच्या कामातही हेच दिसतं: अनोळखी लेखकाचं पहिलं पुस्तक काही वाचक विकत घेतात, म्हणून दुसरं निघतं.

आणि थांबणाऱ्यांकडेही एक काम उरतं. जुनं यंत्र त्यांच्याचकडे सगळ्यात शेवटपर्यंत असतं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. गणेशोत्सवात हौशी मंडळींनी केलेल्या नाटकाची कॅसेट कुठलीही कंपनी नव्याने काढणार नाही. ज्याच्या घरी चालू व्हीसीआर आहे, त्याने ती वेळेत उतरवून घ्यावी आणि ज्यांना हवी त्यांना द्यावी. पहिल्या गिऱ्हाइकांचं देणं असंही फेडता येतं.