जागा दाखवणाऱ्याचे पाप

सभा भरलेली आहे. बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे असा एक गृहस्थ आत येतो. त्याच्या मागोमाग मळक्या कपड्यांतला एक गरीब. पहिल्याला आदराने चांगली जागा मिळते. दुसऱ्याला सांगितले जाते, तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायांशी बस. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला हा प्रसंग आहे. श्रीमंतांबद्दल याकोबाला पुढे बरेच कडक बोलायचे आहे, पण इथे तो धरतो जागा दाखवणाऱ्याला.

त्यानंतर काही ओळींतच ते प्रसिद्ध विधान येते: सगळे नियमशास्त्र पाळले आणि एकाच बाबतीत चुकले, तरी माणूस सगळ्याच बाबतींत दोषी ठरतो. मंडळीत वाढलेल्या माणसाने हे प्रवचनांतून इतक्यांदा ऐकलेले असते की ‘देवापुढे सगळी पापे सारखीच’ हाच त्याचा अर्थ, असे तो धरून चालतो. मूळ प्रसंगातली ती दोन माणसे मात्र कुणाला आठवत नाहीत. विधानाची अशी त्याच्या जागेवरून उचलबांगडी झाली आणि तिने बरेच नुकसान केले, असे माझे मत आहे.

याकोबाचा धागा मागे लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायापर्यंत जातो. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि थोरामोठ्याची भीडही धरू नये, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या आज्ञा तिथे पाच-सहा वचनांच्या अंतरात आहेत. येशूने शेजारप्रीतीची आज्ञा सर्वांत मोठ्या दोन आज्ञांत बसवली. याकोब तिचा धागा पुन्हा शेजारच्या वचनाशी जोडतो: तोंड पाहून वागवणे म्हणजे प्रीतीचीच आज्ञा मोडणे. हा शिष्टाचाराचा किरकोळ दोष आहे, असे म्हणायला तो जागाच ठेवत नाही. ‘मी व्यभिचार केला नाही, खून केला नाही’ म्हणणाऱ्याला तो बजावतो की गरिबाला पायांशी बसवलेस, तेव्हाच तू अपराधी झालास. सगळ्या आज्ञा देणारा एकच आहे. विधानाचा रोख आहे तो असा, स्वतःला निर्दोष समजणाऱ्यावर.

पहिल्या पिढीलाही हे सहज उमगले नव्हते. देव पक्षपाती नाही, हे म्हणायला पेत्राला आधी यापोत दृष्टांत व्हावा लागला आणि मग कैसरियाला जाऊन कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घराचा उंबरा ओलांडावा लागला.

पापे सारखी असतात, हे तत्त्व खरे तर दुसरीकडचे, स्टोइक तत्त्वज्ञांचे. ते म्हणत, माणूस पाण्याखाली वीतभर असो की कित्येक हात, बुडायचा तो बुडतोच. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये जोविनियन नावाच्या साधूने काहीसा तसाच विचार मांडला आणि ३९३ च्या सुमारास जेरोमने त्याच्याविरुद्ध दोन खंड लिहिले. पण याकोबाचे ते विधान तसेच उरले. ४१५ मध्ये ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोहून बेथलेहेमला जेरोमला पत्र लिहून विचारले, मग याचा अर्थ काय लावायचा? जेरोमने सवड नसल्याचे कळवले. त्याच्या निधनानंतर ऑगस्टीनने ते पत्र प्रसिद्ध केले.

या विषयावरचे इतके प्रामाणिक लेखन मी क्वचितच वाचले आहे. ऑगस्टीनला पापांची बरोबरी मान्य नाही. अंधारातून उजेडाकडे माणूस हळूहळू येतो, असे तो म्हणतो. सगळे नियमशास्त्र प्रीतीवर टेकलेले आहे. म्हणून जो प्रीतीविरुद्ध वागतो तो, ज्यावर सगळे टेकले आहे, त्यालाच धक्का देतो, आणि तेवढ्यापुरता सगळ्यांचा अपराधी होतो. तरीही अपराध लहानमोठे राहतात. आणि मुख्य म्हणजे, तो त्या बसायच्या जागांकडे परत जातो. अधिक विद्वान आणि अधिक पवित्र अशा गरिबाला डावलून श्रीमंताला चर्चमधल्या मानाच्या पदावर बसवलेले कोण सहन करील, असे तो विचारतो.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने पक्षपाताला न्यायाविरुद्धचे पाप म्हणून स्वतंत्र प्रकरण दिले. पापे सारखी नाहीत, हे त्यानेही सांगितले. प्रॉटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे १६४० च्या दशकात, दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत: प्रत्येक पाप देवाच्या क्रोधाला पात्र आहे, पण सगळी सारखीच घोर नाहीत. प्रवचनांत बहुधा पहिला अर्धा टिकला. मारहाण करणाऱ्या नवऱ्याबद्दल तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘तुझा रागही पापच आहे, देवापुढे दोघेही सारखेच’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या अर्ध्याचा वापर कुणाच्या सोयीसाठी होतो, ते उघड दिसते. येशूने स्वतः नियमशास्त्रातल्या वजनदार गोष्टी न्याय, दया आणि विश्वास या सांगितल्या, आणि पुदिन्याचा दशमांश मोजणाऱ्यांना फटकारले. वजन मोजायला त्याचा विरोध नव्हता. चुकीच्या गोष्टी वजनदार ठरवायला होता.

आपल्या देशात याकोबाचा प्रसंग जसाच्या तसा घडला. गोव्यात गावोगावच्या चर्चमधल्या कोंफ्रारिया, म्हणजे बंधुमंडळे, जातीवर उभ्या राहिल्या आणि फेस्ताचा मान त्याप्रमाणे वाटला गेला. तमिळ प्रदेशातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वरच्या जातींचे लोक वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. जुन्या मिशनऱ्यांनी हा समाजाचा रिवाज म्हणून पुष्कळ वर्षे चालू दिला. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढले की मंडळीत जातिभेद चालणार नाही, तो ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे. तेव्हा तंजावर आणि मद्रासजवळच्या वेपेरी इथले पुष्कळ लोक मंडळी सोडून गेले. बाप्तिस्मा, उपासना, दहा आज्ञा यांबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. ते अडले ते फक्त एका बाबतीत, शेजारी कोण बसणार यावर.