नंबराची गवाही

लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलून आणला की यंत्र पुष्कळदा नीट चालू लागते, पण आपण कोण हे मात्र त्याला सांगता येत नाही. काही बनावटींत तर सुरू करताक्षणी पडद्यावर इंग्रजी ओळ उमटते, ‘प्रॉडक्ट इन्फर्मेशन नॉट व्हॅलिड’. म्हणजे या वस्तूची माहिती ग्राह्य नाही. याचे कारण साधे आहे. लॅपटॉपचा सिरीयल नंबर दोन ठिकाणी असतो. एक खालच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर, आणि दुसरा मदरबोर्डवरच्या एका नखाएवढ्या चिपमध्ये. यंत्र चालू होताना सर्वांत आधी जागा होणारा जो प्रोग्राम, ज्याला बायोस म्हणतात, तोही याच चिपमध्ये राहतो. यंत्राला स्वतःचे स्टिकर वाचता येत नाही. ते स्वतःविषयी जे सांगते ते या चिपमधून. बोर्ड गेला की चिप गेली आणि तिच्याबरोबर नावही गेले. नवा बोर्ड कोरा असेल तर नावाची जागा रिकामी राहते. दुसऱ्या लॅपटॉपातून काढलेला असेल, तर त्या परक्या लॅपटॉपचे नाव आपल्या यंत्राच्या तोंडी येते.

ही अडचण केवळ पडद्यावरच्या एका ओळीची नाही. वॉरंटीच्या नोंदीशी नंबर जुळत नाही. विंडोजचा परवाना यंत्राच्या घडणीशी बांधलेला असतो, बोर्ड बदलला की ते हे यंत्र नवेच धरते आणि परवाना पुन्हा मागू शकते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर आणखी पंचाईत. त्याची किल्ली जुन्या बोर्डवर राहिलेली असते, म्हणून डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की विचारते. घरच्यांच्या लेखी लॅपटॉप म्हणजे ती डिस्कच. लग्नाचे फोटो, मार्कलिस्टा, नोकरीचे अर्ज सगळे तिच्यात. तीच आपल्या मालकाला दारात उभा करून ‘कोण तुम्ही?’ म्हणून विचारते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीला आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. पलूस तालुक्यातली भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ ही काठावरची गावे पाण्यात होती. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी घरे उजाड झाली. त्या दुःखापुढे यंत्रांचे दुःख बोलायचे नसते. पण पाणी ओसरल्यावर लोक घरातला चिखल उपसू लागले तेव्हा गाद्या, धान्याची पोती, शिलाई मशिनी यांच्याबरोबर लॅपटॉपही बाहेर आले. आमच्या भाच्याचा त्यातच होता. पलूसच्या एका कारागिराने तो उघडला. बोर्ड गाळाच्या पाण्याने गंजला होता, डिस्क वाचली होती. त्याच मॉडेलचा, पडदा फुटलेला एक लॅपटॉप त्याच्याकडे पडून होता, त्याचा बोर्ड काढून त्याने यात बसवला. यंत्र सुरू झाले आणि नंबर दाखवू लागले तो दुसऱ्याचा.

कारागीर म्हणाला, “स्टिकरवरचा नंबर चिपमध्ये टाकू का हाच राहू दे? माझं काय, दोन मिनिटांचं काम आहे.” भाच्याने आमच्याकडे पाहिले. “मामू, कोणता टाकायचा?”

तीन वाटा होत्या. परका नंबर तसाच ठेवावा, जुना लिहावा, किंवा जागा रिकामी सोडून ती इंग्रजी ओळ रोज सोसावी. पहिली वाट उघडच खोटी होती. तिसरी सचोटीची दिसते, पण तीही खरी म्हणता येत नाही, कारण यंत्र अनामिक नाही, त्याला इतिहास आहे. दुसरीविषयी मात्र मनात खटका राहतो. जो बोर्ड त्या नंबराने जन्मला नाही, त्याच्या तोंडी तो नंबर घालणे ही दुरुस्ती की बनावट?

याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेली किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. इथल्या पंपांवर आमचा अर्धा मुलूख भिजतो. पंपाचा इंपेलर झिजला की बदलतात, शाफ्ट बदलतात, बेअरिंग तर किती वेळा बदलत असतील याची गणती नाही. मोटार जळाली की रिवाइंड करून आणतात. वीस वर्षांनी त्या पंपात मूळचे काय उरले हे खुद्द मालकाला सांगता येत नाही, तरी तो आजोबांनी घेतलेलाच पंप असतो आणि पाटीवरच्या नंबराला कोणी हरकत घेत नाही. फरक इतकाच की पंपाची पाटी बाहेरच्या धडावर असते आणि धड सहसा बदलत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी पाटी नेमकी आतल्या अशा भागावर ठोकली, जो आधी जातो.

मुळात वस्तूवर खूण करायची गरज पडते ती अविश्वासातून. अलाउद्दीन खिलजीने आपल्या फौजेत घोड्यांना दाग देण्याची आणि शिपायांचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत घातली, ती याच कारणाने. शिपाई हजेरीला चांगला घोडा दाखवत आणि मागाहून तट्टू ठेवत. पुढे अकबरानेही दाग आणि चेहरा यांची कडक अंमलबजावणी केली. दाग घोड्याला चांगला करत नव्हता की वाईट. तो फक्त सांगत होता की दप्तरात लिहिलेला घोडा तो हाच. म्हणजे दाग ही घोड्याची जात नव्हे, सरकारने दिलेली ती गवाही होती. आजच्या सिरीयल नंबराचेही आम्हांला तसेच वाटते.

इथे माणूस आणि यंत्र यांची वाट वेगळी होते. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’ या ग्रंथात मरणोत्तर पुन्हा उठवले जाण्याच्या प्रश्नाची चर्चा करताना एक मुद्दा मांडला आहे. माणूस तोच राहतो तो त्याच्या आत्म्यामुळे, शरीराच्या द्रव्यामुळे नव्हे. ते द्रव्य बालपणापासून म्हातारपणापर्यंत बदलतच असते. तेव्हा देह त्याच मातीचा की दुसऱ्या, यावाचून काही अडत नाही. गझालींच्या या युक्तिवादावर इब्न रुश्दसारख्या पंडिताने पुढे पुष्कळ आक्षेप घेतले, तो वाद इथे नको. आमच्यापुरता अर्थ असा, की माणसाच्या तोच असण्याचा आधार माणसातच आहे. लॅपटॉपात आत्मा नाही. त्याचे सगळे भाग एकेक करून बदलता येतात आणि त्यांतला एकही भाग उठून ‘मी तो’ असे म्हणत नाही. तो कोणता लॅपटॉप हे अखेर माणसेच ठरवतात, आणि माणसे खरे बोलली तरच ते खरे. मग प्रश्न बोर्डाचा उरतच नाही. गवाही देणारा कोण, त्याला काय माहीत आहे, आणि तो काय झाकतो आहे, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून आम्ही भाच्याला सांगितले, जुनाच नंबर टाकून घे. केसिंग, पडदा, कीबोर्ड, डिस्क आणि खरेदीची पावती या सगळ्यांनी सांगितलेला नंबर तो आहे. परका बोर्डच त्यांच्यात आला आहे, ते बोर्डाकडे गेलेले नाहीत.

कोणी म्हणेल, नियत साफ असली की झाले. आम्हांला तेवढे पुरेसे वाटत नाही. चोरही हेच करतो. तेच साधन, तीच चिप, तीच दोन मिनिटे. चोरलेल्या लॅपटॉपचा नंबर पुसतो आणि दुसरा लिहितो. मोबाइलच्या बाबतीत तर सरकारने भेद करत बसण्याचे कारणच ठेवलेले नाही. आयएमईआय हा पंधरा अंकी नंबर बदलणे २०१७ च्या नियमांनी आणि पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने सरसकट गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. नियत अल्लाहला दिसते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. गिऱ्हाइकाला दिसेल असे काहीतरी करावे लागते.

दोन वर्षांनी भाच्याने तो लॅपटॉप विकायला काढला तेव्हा खरी परीक्षा आली. घेणारी सांगलीच्या कॉलेजात शिकणारी, शेजारच्याच आळीतली मुलगी. “मामू, बोर्ड बदललेला सांगितला तर दोन हजार कमी येतील. नंबर तर स्टिकरशी जुळतोय, सांगायचं कशाला?” नंबर जुळवून घेतला तेव्हा तो खरे सांगण्यासाठी होता. आता तोच जुळलेला नंबर खोट्याच्या कामी येऊ घातला होता. मदिनेच्या बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या घरांत पोरासोरांनाही माहीत असते. पैगंबर साहेबांनी ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला पाऊस लागला होता. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, एवढेच त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे सांगितले. पाऊस पडला हा त्या माणसाचा दोष नव्हता. कृष्णेला पूर आला हा भाच्याचा दोष नव्हता. ओल वर दिसू देणे तेवढे त्याच्या हातात होते. भाच्याने मुलीच्या वडिलांना सांगितले. त्यांनी दोन नव्हे, तीन हजार कमी केले. सौदा झाला.

पण सांगितलेले हवेत राहते. आमच्या भागात उसाच्या हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस फिरतात. ट्रॅक्टरचे इंजिन बदलले तर आरटीओकडे जाऊन आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. चेसिस नंबर तोच राहतो, इंजिनाचा नवा नंबर लिहिला जातो, आणि पुढचा घेणारा दोन्ही वाचू शकतो. कोणी काही लपवले नाही आणि गाडीची ओळखही मोडली नाही. लॅपटॉपला असे दप्तर नाही. तेव्हा ते पावतीवरच करावे लागते: अमुक तारखेला बोर्ड बदलला, बसवलेल्या बोर्डाचा मूळ नंबर हा होता, वरून लिहिलेला नंबर हा आहे, आणि खाली कारागिराची सही. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामधली आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, लेखनिक आणि साक्षीदारांविषयी आहे. लगेच पुढच्या आयतीत साक्ष लपवू नका अशी ताकीद आहे. इतक्या रोकड्या गोष्टीला इतकी जागा का दिली असेल याचे आम्हांला पूर्वी नवल वाटे.

कंपन्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. नंबर लिहिण्याचे अधिकृत साधन त्या आपल्या सेवा केंद्रांपुरते ठेवतात. चोराला आळा बसावा हे कारण दिले जाते आणि ते अगदीच खोटे नाही. पण चोराला बाजारात प्रोग्रामर मिळतोच. अडतो तो सरळमार्गी कारागीर. तालुक्याच्या गावात बसून नीट काम करतो आणि त्याचे काम यंत्र स्वतःच अग्राह्य म्हणून जाहीर करते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती त्यावर मिळावी हा हेतू. माहितीबरोबर गवाही देण्याचा हक्कही कारागिराला मिळायला हवा, अर्थात सहीनिशी आणि जबाबदारीनिशी.

हे सगळे यंत्रांचे झाले. माणसांना हा न्याय लावू लागले की आम्हांला धास्ती वाटते. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. तांबोळी, मुजावर, शिकलगार ही आडनावे मराठीत एक, इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिकांची यादी लागली, तीतून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली, आणि त्यांत कागदोपत्री नावाचे अक्षर न जुळल्याने अडकलेलेही होते. गझालींचा मुद्दा इथे उलट्या बाजूने उपयोगी पडतो. यंत्राची ओळख नंबराविना उरत नाही हे खरे असेल, पण माणूस कागदाच्या आधी असतो. कागद चुकला तर कागद सुधारायचा.

एक गोष्ट राहिली, ती सुटलेली नाही. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपताना कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या, ही गोष्ट प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. सतराव्या शतकात हॉब्जने तिला फाटा फोडला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे दुसरे जहाज बांधले तर? भाच्याचा गंजलेला बोर्ड दुकानातल्या पोत्यात पडला होता. चिप शाबूत असेल तर तिच्यात तोच नंबर अजून आहे. कोणी तो बोर्ड धुऊन, सुटे भाग बदलून जिवंत केला, तर एका नंबराची दोन यंत्रे होतील आणि दोघांचेही म्हणणे खोटे ठरवता येणार नाही. जुनी चिप पुसून टाकता का, असे आम्ही कारागिराला विचारले. तो म्हणाला, “पुसता येते की. पण मेलेल्या बोर्डावर बसून राहायचे पैसे कोण देणार?” आम्ही द्यायची तयारी दाखवली. त्याने पोते उलटे करून शोधले. त्यात एकाच मॉडेलचे सहा बोर्ड निघाले, सगळे पुराच्या मातीने सारखेच पिवळे झालेले.