वरळीचा ढोल

वरळी नाक्याजवळ, डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर पोदार रुग्णालयासमोर एक जपानी बुद्धमंदिर आहे. बसच्या खिडकीतून ते हजारोंनी पाहिलं असेल. आत गेलेले त्या मानाने थोडे. चपला काढून आत शिरलं, तरी रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतातच. समोर बुद्धमूर्ती, भिंतींवर बुद्धचरित्रातले प्रसंग, उदबत्तीचा मंद वास. आणि प्रार्थनेच्या वेळी मोठा ढोल. निवांतपणा शोधत आलेल्या माणसाला हा ढोल आधी दचकवतो.

म्हणजे इथली शांती आवाज बंद करून आणलेली नाही. मग ती कसली?

ढोलाच्या ठेक्यावर भिक्षू एकच घोष करतात : ‘ना मु म्यो हो रें गे क्यो’. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन, एवढाच त्याचा अर्थ. तेराव्या शतकात जपानमध्ये भिक्षू निचिरेन यांनी हा घोष साधनेच्या केंद्रस्थानी आणला. विसाव्या शतकात जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी तो हातढोलासह भारतात घेऊन आले. जिथून धम्म जपानला पोचला त्या भूमीला तो परत द्यायचा, ही त्यांची तळमळ होती. 1931 साली ते आले, 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. वरळीचं मंदिर उभं राहिलं 1956 साली, उद्योगपती जुगलकिशोर बिर्ला यांच्या साहाय्याने. सेवाग्राम आश्रमातही फुजींच्या संघाचा एक भिक्षू राहत असे. जपान महायुद्धात उतरल्यावर त्याला अटक झाली, पण त्याचा घोष आश्रमाच्या प्रार्थनेत राहिला. शत्रुराष्ट्राच्या माणसाची प्रार्थना ऐन युद्धात जपून ठेवणं, ही साधी गोष्ट नव्हे.

फुजींना सद्धर्मपुंडरीकातली एक कथा विशेष जवळची होती. सदापरिभूत नावाचा एक बोधिसत्त्व असतो. तो ग्रंथांच्या पठणात रमत नाही. रस्त्यात जो भेटेल त्याच्यापुढे वाकतो आणि सांगतो, की मी तुम्हाला कमी लेखत नाही, तुम्हीही पुढे बुद्ध होणार आहात. लोक चिडतात. काठ्या उगारतात, दगड मारतात. तो पळून थोडा लांब जातो आणि तिथून, आता अधिक मोठ्याने, तेच पुन्हा सांगतो.

कथेची खरी गंमत नावात आहे. संस्कृत संधी दोन्ही बाजूंनी सुटतो. ‘सदा परिभूत’ म्हणजे कायम तुच्छ लेखला गेलेला. ‘सदा अपरिभूत’ म्हणजे कधीच तुच्छ न लेखलेला. इसवी सन 406 मध्ये कुमारजीवाने चिनी भाषांतर करताना कोणालाही तुच्छ न लेखणारा असा अर्थ घेतला. त्याआधीच्या धर्मरक्षाच्या भाषांतरात मात्र नेहमी तुच्छ लेखला जाणारा असा अर्थ आहे. एका ‘अ’चा फरक, आणि सोसणारा माणूस कर्ता होतो.

कथेतलं हे वागणं फुजींच्या भिक्षूंनी जगूनही दाखवलं. ऑक्टोबर 1956 मध्ये टोकियोजवळच्या सुनागावा गावात शेतकरी आपल्या जमिनीसाठी उभे ठाकले होते. अमेरिकी लष्करी विमानतळ वाढवण्यासाठी जमिनीची मोजणी व्हायची होती. फुजींचे भिक्षू ढोल वाजवत पोलिसांसमोर बसले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. अखेर 14 ऑक्टोबरला सरकारने मोजणी थांबवली. त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही वरळीच्या मंदिरात बसलेल्या मराठी माणसाला त्या एकत्र आठवाव्यात, हे स्वाभाविक आहे.

कारण मंदिरापासून जवळच बीडीडी चाळी आहेत. 1920 च्या दशकात बांधलेल्या, 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या. तिथल्या कित्येक घरांत दीक्षेनंतर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी आले. जानेवारी 1974 मध्ये याच चाळींत दंगल पेटली, दगड बरसले. अशा वस्तीत सदापरिभूताची कथा सांगताना जीभ अडखळायला हवी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावलं, त्यांनाच पुन्हा वाकण्याचा उपदेश करणारा धर्म कोणाला हवा असेल?

पण कथा तसं सांगत नाही. सदापरिभूत वाकतो तो भीतीने नाही, आणि समोरचा थोर आहे म्हणूनही नाही. तो ज्याच्यापुढे वाकतो त्याला स्वतःचीच थोरवी ठाऊक नसते. शिवाय दगड आले की तो बाजूला होतो, मार अंगावर झेलत उभा राहत नाही. म्हणणं मात्र सोडत नाही. हे वाकणं बरोबरीचं आहे, आणि बरोबरी ज्यांना सहन होत नाही तेच दगड उचलतात.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत भिक्षूविषयी अवघड प्रश्न विचारला होता : बुद्धांना भिक्षू कशासाठी हवा होता, स्वतःपुरता परिपूर्ण होण्यासाठी की समाजसेवेसाठी? धम्म सामाजिक आहे, एकट्या माणसाला त्याची गरज नाही, दोन माणसं एकत्र आली की त्याच्यावाचून चालत नाही, अशी त्यांची मांडणी. वरळीच्या मंदिरात डोळे मिटून बसणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. गर्दीपासून अर्धा तास सुटका एवढंच हवं असेल तर समुद्रकिनाराही जवळ आहे.

प्रार्थना थांबते. ढोल गप्प होतो, हॉर्न पुन्हा वर येतात. बाहेर पडून चाळींच्या दिशेने चालू लागलं, की दोन ओळखीची माणसं समोरासमोर येतात. त्यांच्या पणजोबांना गावात पाटलासमोर वाकून ‘जोहार’ म्हणावं लागे, आणि त्याचं उत्तर तसंच परत येत नसे. आता एक ‘जय भीम’ म्हणतो. दुसराही ‘जय भीम’ म्हणतो, आणि दोघे बाजाराच्या गोष्टी करत पुढे जातात.