ओटीचे नाव आणि अंगचे नाव

दोलोरेस म्हणजे दुःखे. सोलेदाद म्हणजे एकाकीपण. सोफिया म्हणजे शहाणपण, व्हालेंतिना म्हणजे बलवान, सोचित्ल म्हणजे फूल. मुलींच्या ‘लॅटिना’ नावांच्या याद्या अशा चालतात : डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ, जमल्यास शेवटी मूळ भाषा. ‘लॅटिना’ हे बिरुद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या वर्गवारीचे. ओआहाकातली बाई स्वतःला आधी ओआहाकाची म्हणेल, मग मेक्सिकन. लॅटिना ती बहुधा सरहद्द ओलांडल्यावरच होते. पण ते असो. याद्यांवर रागावून उपयोग नाही, त्या पाळण्याच्या घाईत वाचायच्या असतात. त्यांच्यामागच्या समजुतीची जी भारदस्त आवृत्ती विद्वानांत चालते, तिच्याशी मात्र भांडले पाहिजे.

ही आवृत्ती म्हणते : ज्या समाजाने लेकींना दुःखे, वेदना, हौतात्म्य, एकाकीपण अशी नावे दिली, त्याने त्यांना पाळण्यातच सोसण्याची दीक्षा दिली. हा आरोप उथळ माणसांचा नाही. एव्हलिन स्टीव्हन्स यांनी 1973 साली ‘मारियानिस्मो’ ही संज्ञा मांडली : मारियामातेसारखी सोशिक, आत्मत्यागी, पुरुषाहून नैतिकदृष्ट्या वरचढ अशी स्त्रीची प्रतिमा. तिच्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण तिच्यात काही तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. शिवाय स्पॅनिश नाटककार लोर्काचे ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ आहेच. 1936 साली लिहिलेले आणि 1945 साली ब्वेनोस आयरेसला प्रथम रंगमंचावर आलेले हे नाटक. त्यात दाराआड कोंडलेल्या मुलींपैकी एकीचे नाव आंगुस्तियास, म्हणजे यातना, आणि दुसरीचे मार्तिरिओ, म्हणजे हौतात्म्य. पुरावा याहून कोणता हवा?

पुरावा हवा तो व्याकरणाचा, आणि तोच या मंडळींनी पाहिलेला नाही. दोलोरेस हे अनेकवचन आहे. मेर्सेदेस, रेमेदिओस, मिलाग्रोस, निएवेस ही सगळी अनेकवचने : कृपा, उपाय, चमत्कार, हिमवर्षाव. एकाच मुलीचे वर्णन अनेकवचनात कोण करील? बरे, कोन्सुएलो (सांत्वन), सोकोर्रो (साहाय्य), आम्पारो (आसरा), रोसारिओ (जपमाळ), पिलार (खांब) हे शब्द स्पॅनिशमध्ये चक्क पुल्लिंगी आहेत. ज्या भाषेत विशेषणाला लिंग-वचन सांभाळल्यावाचून गत्यंतर नाही, त्या भाषेत मुलीचे वर्णन करायचे तर क्लारा म्हणतात, ब्लांका म्हणतात. कोन्सुएलो म्हणत नाहीत. नाव वर्णन करीत असते, तर भाषेने ही विसंगती शतकानुशतके खपवून घेतली नसती.

मग ही नावे करतात काय? उत्तर गाळलेल्या शब्दांत आहे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत मुलगी नुसती दोलोरेस नसे, ती ‘मारिया दे लोस दोलोरेस’ असे : दुःखांची मारिया. ती सात दुःखे मारियामातेची, मुलीची नव्हेत; त्यांचा सण 15 सप्टेंबरला येतो. पिलार म्हणजे सारागोसाची, खांबावर प्रकटलेली मारिया. मेर्सेदेसच्या मागे 1218 साली बार्सेलोनात स्थापन झालेला मेर्सेदारिओ संघ आहे, मुसलमान राजवटींत अडकलेल्या ख्रिस्ती कैद्यांना खंडणी भरून सोडवून आणणारा. (याच नावाची मोटार एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीवरून आली. तिथे तर खंडणीही गेली आणि मारियाही.) मूल देवीच्या ओटीत घालावे, तशी मुलगी मारियेच्या एका विशिष्ट रूपाच्या हवाली केली जाते. नाव मुलीविषयी काही सांगत नाही, ती कोणाची ते सांगते. म्हणून मी दोन जाती करतो : अंगचे नाव आणि ओटीचे नाव. अंगचे नाव गुण सांगते किंवा गुणाची अपेक्षा धरते. ओटीचे नाव नाते जोडते, आणि त्यातल्या शब्दाचा अर्थ त्या नात्याच्या पत्त्याहून जास्त नसतो.

सोशिकपणाच्या दीक्षेचा आरोप करणाऱ्यांनी मुलग्यांची नावेही वाचावीत. 14 सप्टेंबर 1856 रोजी सान हासिंतोच्या लढाईत विल्यम वॉकरच्या भाडोत्री फौजेला पिटाळणारा निकाराग्वाचा सेनानी होता होसे दोलोरेस एस्त्रादा. कवट्यांची अजरामर चित्रे कोरणारा मेक्सिकन कलावंत होता होसे ग्वादालुपे पोसादा. होसे कोन्सेप्सिओन नावाचे पुरुष तर गावोगाव आढळतील. दुःखे फक्त मुलींच्या वाट्याला ठेवली होती, तर या सेनापतीच्या नावात ती कशी शिरली? आणि दोलोरेसची लाडाने होते ती लोला. लोलाच्या उच्चारात दुःखाचा मागमूस तरी आहे का? कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांची संघटना उभारणाऱ्या दोलोरेस ह्युएर्ता यांचे नाव शब्दशः लावले तर ‘दुःखे बाग’ होते. ‘सी से प्वेदे’, म्हणजे ‘होय, जमेल’, ही घोषणा त्यांचीच.

राहिला लोर्का. नाटककाराला नावाचा शब्दार्थ जागा करण्याचा पूर्ण हक्क आहे. पण तो जागा करावा लागतो, यावरूनच एरवी तो झोपलेला असतो हे दिसते. मारियानिस्मो खरा असेल, तर त्याचा पुरावा घरातल्या कामाच्या वाटणीत, वारसाहक्कात, कायद्यांत शोधा. नाव हा तिथे पोचण्याचा आळशी रस्ता आहे.

गोव्याच्या वाचकाला हे समजावण्याची गरज पडू नये. पोर्तुगीज अमलाने मिलाग्रेस, पियेदाद, रेमेदियुस ही नावे मांडवीकाठी आणली. म्हापशाची मिलाग्रेस साईबीण हिंदू भाविकांसाठी मिराबाय झाली, शिरगावच्या लईराईची बहीण ठरली. मिलाग्रेसचा अर्थ ‘चमत्कार’ हे ठाऊक असण्या-नसण्याने त्यांच्यातल्या तेला-फुलांच्या देवघेवीत काय फरक पडतो? नाते पोचले, शब्द वाटेत बदलला.

ही सगळी नावे लादलेली, खरे सुंदर अर्थ मेक्सिकोवरच्या स्पॅनिश विजयापूर्वीच्या नावांत सापडतील, असे म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट पुरे : सोळाव्या शतकातल्या तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या दप्तरांत बायकांची नावे तेयाकापान, त्लाको, शोको अशी वारंवार येतात, म्हणजे थोरली, मधली, धाकटी. सोचित्ल हे त्याच लोकांच्या जुन्या पंचांगातल्या वीस दिवसांपैकी शेवटच्या दिवसाचे चिन्हही होते. फूल म्हटल्यावर यादीवाल्याला ते आठवत नाही. नावात काय आहे म्हणून हात झटकणाऱ्यांशी तर वाद घालण्याचेही कारण नाही.

वाद खरा सुरू होतो तो आजच्या नावांपाशी. दोलोरेस, सोकोर्रो, कोन्सुएलो ही आता आज्यांची नावे झाली आहेत. सोफिया, व्हालेंतिना, कामिला, हिमेना ही नाती-पणतींची. श्रद्धा ओसरली, हे त्याचे एक कारण असेल. पण ग्वादालुपे टिकून आहे, आणि तिथे शब्दार्थ हाताला लागतच नाही : पहिला तुकडा नदीवाचक अरबी, पुढच्याबद्दल पंडितांचे एकमत नाही. मला हा योगायोग वाटत नाही. 1531 साली मेक्सिकोत तेपेयाकला झालेल्या मारियेच्या साक्षात्काराचा पत्ता एवढा ठळक आहे की शब्दकोश त्याच्या आड येऊ शकत नाही. दोलोरेसच्या बाबतीत कोश आड आला. ‘लेकीला दुःखे कशी म्हणू?’ असे म्हणणारी आई त्या विद्वानांचेच म्हणणे खरे करून दाखवते. आधी चुकीचे असलेले वाचन पुढे पाळण्यापाशी खरे ठरते.

म्हणूनच माझे एक मत अनेकांना रुचत नाही. 1970 सालच्या योलांदा व्हार्गास दुल्चे यांच्या ‘येसेनिया’ या मेक्सिकन मालिकेमुळे हजारो मुली येसेनिया झाल्या. लेडी डायनामुळे कोलंबियात लेइदी आणि दायाना झाल्या. सुशिक्षित घरांत या नावांची टिंगल होते. मूळ नाही, अर्थ नाही, गरिबाघरची नावे. पण येसेनियाच्या आईने लेकीला एका नायिकेच्या ओटीत घातले. तिने दोलोरेसच्या आईचेच केले, फक्त देवघर बदलले. सोफियाच्या आईने अर्थ पाहून शहाणपण निवडले. यांत परंपरा कोणी पाळली असे विचाराल, तर मी तरी येसेनियाच्या आईचेच नाव सांगेन.

2014 साली मेक्सिकोतल्या सोनोरा राज्याने नोंदणीत निषिद्ध अशा 61 नावांची यादी काढली. अपमानकारक आणि अर्थहीन नावांपासून मुलांना वाचवावे, हा हेतू. यादीत रॅम्बो होते, टर्मिनेटर होते, फेसबुक होते, आणि सिर्कुन्सिसिओन, म्हणजे सुंता, हेही होते. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेच उचलून खिदळून घेतले. पण जुन्या रोमन पंचांगात 1 जानेवारी हा येशूच्या सुंतेचा सण होता, आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मलेल्या मुलाला त्या सणाच्या ओटीत घालणारे कोणी अडाणी नव्हते. माझ्या वर्गवारीत फेसबुकही ओटीचेच नाव ठरते, हे खरे. ते यादीत राहिले तर माझी हरकत नाही.